अध्यक्ष नसताना अध्यक्षाची निवड घेतं कोण? वर्गात अडकलो, जाणकारांनी सांगावं

गुरुजी_खानापूर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कुलात समाजविज्ञान शिकवतो. हिवाळी अधिवेशन हलग्याच्या सुवर्णसौधमध्ये, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाच्या बेळगावातल्या इमारतीत, भरलं की दरवर्षी नववीच्या वर्गात आम्ही लुटुपुटीची विधानसभा भरवतो. बाकं नालेच्या आकारात लावायची, मधे टेबल, टेबलामागे माझी लाकडी खुर्ची. मुलं महिनाभर त्याचीच वाट बघतात.

यंदा मुख्यमंत्री ठरला, विरोधी पक्षनेती ठरली, दोन दांडगी पोरं मार्शल म्हणून दाराशी उभी राहिली. आता अध्यक्ष निवडायचा. मी टेबलापाशी उभा राहून म्हणालो, "हं, कोण कुणाचं नाव सुचवतंय?" तर तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, तुम्ही आमदार नाही. तुम्ही मत कसं घेणार?"

मी म्हणालो, मग मुख्यमंत्री घेतील. ती बसली नाही. "पण मुख्यमंत्र्यांचाच माणूस उभा असला तर?"

खरं सांगतो, मला उत्तर आलं नाही. तेवढ्यात घंटा झाली. पुस्तकात एकच ओळ आहे, सदस्य आपल्यातून अध्यक्ष आणि उपाध्यक्ष निवडतात. कशी निवड होते, कोण घेतं, हात वर करून की चिठ्ठीनं, काहीच नाही. सव्वीस वर्षं शिकवतोय आणि ही ओळ मी तशीच पुढं सरकवत आलो, याचं फार वाईट वाटलं. सोमवारी वर्गावर जाताना नीट उत्तर घेऊन जायचंय.

आणखी एक. आमच्या घरी वडील आणि त्यांचे सोबती ओट्यावर बसले की एक प्रश्न हमखास निघायचा, "आपला आमदार बेंगळूरला उठून उभा राहिला तर अध्यक्ष त्याला बोलू देईल काय?" तो प्रश्न माझ्या कानात अजून आहे. त्यामुळं ही माहिती मला फक्त शाळेपुरती नको आहे.

---

वकील_टिळकवाडी

गुरुजी, त्या मुलीनं नेमका घटनेतल्या कलम १८० चा प्रश्न विचारलाय. तिला शाबासकी द्या.

क्रमानं सांगतो. जुनी विधानसभा बरखास्त झाली तरी तिचा अध्यक्ष लगेच जात नाही. बाकी सगळे आमदार माजी होतात, पण अध्यक्ष नव्या सभागृहाच्या पहिल्या बैठकीच्या अगदी आधीपर्यंत पदावर राहतो (कलम १७९). ती बैठक सुरू होताना खुर्ची रिकामी होते. उपाध्यक्षही नसतो. मग राज्यपाल निवडून आलेल्यांपैकीच एका सदस्याला तात्पुरतं नेमतात. तो हंगामी अध्यक्ष. हा शब्द कन्नडमध्येही हाच आहे, 'हंगामी'. तो राजभवनात शपथ घेतो, मग सभागृहात येऊन बाकीच्या आमदारांना शपथ देतो आणि त्यानंतर अध्यक्षाची निवड घेतो. नवा अध्यक्ष खुर्चीत बसला की याचं काम संपलं.

म्हणजे मुख्यमंत्री घेत नाही, बाहेरचा अधिकारीही घेत नाही. बेळगाव महापालिकेत महापौराची निवड प्रादेशिक आयुक्त घेतात, तो सरकारी अधिकारी. विधानसभेत तसं चालत नाही. सभागृहाचा माणूसच सभागृहाची निवड घेणार. हंगामी म्हणून सगळ्यात जास्त वेळा निवडून आलेला सदस्य नेमायचा असा संकेत आहे. संकेतच बरं का, घटनेत तसं लिहिलेलं नाही.

२०२३ साली मे महिन्यात आर. व्ही. देशपांडे हंगामी होते. यू. टी. खादर यांचं नाव मुख्यमंत्र्यांनी मांडलं, अनुमोदन मिळालं, दुसरं नाव आलंच नाही, देशपांड्यांनी प्रस्ताव आवाजी मताला टाकला आणि २४ मे रोजी खादर बिनविरोध अध्यक्ष झाले.

---

शहापूरचा_माग

वकीलसाहेब, एक विचारतो, रागावू नका. हंगामी जर राज्यपालच नेमणार, तर मग हातात कुणाच्या राहिलं? संकेत पाळला नाही तर कोण काय करणार?

---

वकील_टिळकवाडी

रागावायचं काय त्यात, हे घडलेलंच आहे. २०१८ साली मे महिन्यात कुणालाच बहुमत नव्हतं. येडियुरप्पांचा शपथविधी झाला आणि राज्यपाल वजुभाई वाला यांनी भाजपच्या के. जी. बोपय्या यांना हंगामी नेमलं. काँग्रेसचे देशपांडे त्यांच्याहून ज्येष्ठ होते. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्टानं बोपय्यांना हटवलं नाही, पण कामकाज थेट दाखवा म्हणून सांगितलं. १९ मे रोजी येडियुरप्पांनी विश्वासमताआधीच राजीनामा दिला.

पुढं २५ मे रोजी कायमच्या अध्यक्षाची निवड. भाजपनं सुरेशकुमारांचं नाव दिलं होतं, त्यांनी ऐनवेळी मागं घेतलं आणि रमेशकुमार बिनविरोध झाले. त्याच दिवशी कुमारस्वामींनी बहुमत सिद्ध केलं. आठवड्याच्या आत त्या खुर्चीवर दोन वेगळी माणसं बसलेली आपण टीव्हीवर पाहिली. कोर्ट सभागृहाच्या कामकाजात सहसा शिरत नाही, पण दार अगदीच बंद नाही, असं म्हणू.

---

निपाणीकर

आमच्याकडं पेपर दोन्हीकडचे येतात, त्यामुळं महाराष्ट्रातलं सांगतो. तिथं नाना पटोले यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये अध्यक्षपद सोडलं आणि खुर्ची जुलै २०२२ पर्यंत रिकामी राहिली. सव्वा वर्षाहून जास्त! उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी कारभार चालवला.

अडलं कशावर? तिथं अध्यक्षाची निवड गुप्त मतदानानं व्हायची. महाविकास आघाडी सरकारनं डिसेंबर २०२१ मध्ये नियम बदलून ती खुली केली. राज्यपाल कोश्यारी यांनी निवडणुकीची तारीख काही दिली नाही. सरकार बदललं आणि ३ जुलै २०२२ रोजी त्याच बदललेल्या नियमानं निवड झाली. एकेक आमदार जागेवर उभा राहून आपला आकडा बोलत होता. राहुल नार्वेकर १६४, राजन साळवी १०७. मी ती शिरगणती पूर्ण पाहिली. आकडा उच्चारताना काहींचा आवाज खणखणीत होता, काहींचा अगदी पडलेला.

विधान परिषदेचं तर त्याहून लांबलं. रामराजे निंबाळकरांची मुदत जुलै २०२२ मध्ये संपली आणि राम शिंदे सभापती झाले डिसेंबर २०२४ मध्ये.

माझं मत स्पष्ट आहे. मत खुलंच हवं. आमदार माझ्या मतावर गेलाय, त्यानं कुणाला अध्यक्ष केलं ते मला कळलं पाहिजे.

---

पंचायत_ताई

निपाणीकर दादा, मी ग्रामपंचायत सदस्य आहे. गावाचं नाव लिहीत नाही. तुमचं म्हणणं ऐकायला बरोबर वाटतं, पण आत बसल्यावर काय होतं ते सांगते.

आमच्याकडं कर्नाटकात ग्रामपंचायतीचा अध्यक्ष सदस्यांतूनच निवडतात, तीस महिन्यांसाठी. आरक्षण ठरलेलं असतं. सरकारी निवडणूक अधिकारी येतो, दोन अर्ज असले तर चिठ्ठीवर गुप्त मत. मागच्या वेळी निवडीच्या आठ दिवस आधी आमच्यातल्या निम्म्यांना गाडीत घालून सहलीला नेलं. फोन काढून घेतले. मला घरच्यांनी जाऊ दिलं नाही म्हणून मी राहिले. निवडीच्या सकाळी ती गाडी थेट पंचायतीच्या दारात आली. आमच्या गल्लीतली एक बाई त्यांच्यासोबतच उतरली, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. आत गेली, पुठ्ठ्याच्या आडोशाला जाऊन चिठ्ठीवर शिक्का मारला.

एका मतानं निकाल फिरला. ते मत कुणाचं हे कुणालाच ठाऊक नाही. मला वाटतं मला ठाऊक आहे, पण मी आजवर तिला विचारलेलं नाही, विचारणारही नाही. तिथं हात वर करायला सांगितला असता तर तिला तो वर करता आला असता का? तिचा नवरा ज्यांच्या ट्रॅक्टरवर कामाला, तेच समोरच्या बाकावर बसलेले.

म्हणून म्हणते, दुबळ्याला चिठ्ठीचा आडोसा लागतो.

---

निपाणीकर

ताई, हे वाचून थोडा वेळ गप्प बसलो. ग्रामपंचायतीत पक्षाचं चिन्ह नसतं, तिथं तुमचं पटलं. पण आमदार पक्षाच्या चिन्हावर निवडून येतो. त्यानं आडोशाला जाऊन दुसऱ्याला मत दिलं तर ते भीतीपोटी की पैशापोटी, हे लोकांनी कसं ओळखायचं?

---

शहापूरचा_माग

आमदार बी भितोय की ओ दादा. त्याला तिकिटाची भीती हाय. ताईंच्या गल्लीतल्या बाईला ट्रॅक्टरवाल्याची. भीती एकच, नुसतं मालक वेगळं.

---

जुनी_कात्रणं

मी वाचनालयात काम केलेली. या वादात एक जुनी हकिकत घालते, कारण या खुर्चीच्या इतिहासात आपली माणसं पुष्कळ आहेत.

लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर. त्याआधी १९४६ साली ते दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष झाले, तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. समोर सर कावसजी जहांगीर, त्यांना सरकारी बाजूचा पाठिंबा. निकाल ६६ विरुद्ध ६३. फक्त तीन मतं! त्याच्याही आधी १९२५ साली विठ्ठलभाई पटेल ५८ विरुद्ध ५६ असे निवडून आले होते. दोन मतांनी. त्या काळी या खुर्चीवर आपला माणूस बसवणं हीच एक लढाई होती.

स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये पहिली लोकसभा भरली. नेहरूंनी मावळणकरांचं नाव मांडलं. विरोधकांनी उभं केलं शेतकरी कामगार पक्षाच्या शंकरराव मोरे यांना. म्हणजे स्वतंत्र भारताच्या लोकसभेच्या पहिल्या अध्यक्षपदासाठी दोन मराठी माणसं समोरासमोर! मावळणकर ३९४, विरोधात ५५.

गुरुजी, तुमच्या मुलांना यातली एक गंमत नक्की सांगा. लोकसभेत नावांची यादी करून मतं मोजत नाहीत. प्रत्येक नाव हा एक स्वतंत्र प्रस्ताव असतो. तो आदल्या दिवशी दुपारी बाराच्या आत लेखी द्यायचा, अनुमोदक हवा, आणि उमेदवाराची संमती हवी. स्वतःचं नाव स्वतः सुचवता येत नाही. प्रस्ताव ओळीनं मताला टाकतात. पहिला मंजूर झाला की पुढचा मताला येतच नाही. म्हणून १९५२ ला मोऱ्यांना किती मतं पडली हा प्रश्नच उद्भवत नाही. मत पडलं ते मावळणकरांच्या बाजूनं किंवा विरुद्ध.

१९७६ ला, आणीबाणीत, बळीराम भगत यांच्यासमोर जगन्नाथराव जोशी उभे होते. मूळचे नरगुंदचे, गोव्याच्या सत्याग्रहात तुरुंगवास भोगलेले. त्या काळात निकाल काय लागणार हे सगळ्यांना माहीत होतं. ३४४ विरुद्ध ५८. पण नाव मांडलं गेलं आणि आकडा कायमचा कागदावर राहिला. म्हणून बिनविरोध निवड म्हटली की मला नेहमीच आनंद होतो असं नाही. २०२४ ला जूनमध्ये ओम बिर्ला यांच्याविरुद्ध के. सुरेश यांचं नाव आलं, पण निकाल आवाजी मतदानानंच झाला, विरोधकांनी मतविभागणीचा, म्हणजे दोन्ही बाजूंची मतं मोजून घेण्याचा, आग्रह धरला नाही. किती जण कुठल्या बाजूला होते ते नोंदीत नाही.

---

गुरुजी_खानापूर (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. वहीत उतरवून घेतोय. जुनी कात्रणं ताई, तो प्रस्तावांचा क्रम मला अजिबात माहीत नव्हता.

आता वडिलांचा प्रश्न. महाराष्ट्र एकीकरण समितीचे, म्हणजे सीमाभागातल्या मराठी माणसांच्या पक्षाचे, आमदार १९५७ पासून त्या सभागृहात जात राहिले, २०१३ ला दोन होते, २०१८ ला एकही नाही. एक-दोन माणसांच्या गटाला तिथं बोलायला मिळणं हे कुणाच्या हातात? आणि मराठीत?

---

वकील_टिळकवाडी

मराठीत बोलणं हे अक्षरशः अध्यक्षाच्या हातात, गुरुजी. कलम २१० उघडा. विधिमंडळाचं कामकाज राज्याच्या राजभाषेत, हिंदीत किंवा इंग्रजीत चालेल. आणि खाली जोड आहे. ज्या सदस्याला यातल्या कुठल्याच भाषेत नीट म्हणणं मांडता येत नाही, त्याला अध्यक्ष मातृभाषेत बोलायची परवानगी देऊ शकतात. देतील असं नाही, देऊ शकतात. मुख्यमंत्र्यांची नाही, राज्यपालांची नाही, त्या एका माणसाची परवानगी.

मोठ्या पक्षाला अध्यक्ष कोण झाला याचा फरक पडतो तो सरकार टिकण्यापुरता. शंभर आमदार असले तर आवाज कसाही पोचतो. एकट्या आमदाराला प्रश्न विचारायचा, बोलायचा, मराठीत उभं राहायचा एकच रस्ता, आणि तो त्या खुर्चीवरून जातो. तुमच्या वडिलांनी बरोबर जागी बोट ठेवलं होतं.

---

कृष्णाकाठ_अथणी

आमच्या भागाला या खुर्चीचा दणका २०१९ ला बसलाय. जुलैमध्ये अध्यक्ष रमेशकुमार यांनी १७ आमदार अपात्र ठरवले. त्यातले तीन आपल्या जिल्ह्यातले, गोकाक, अथणी आणि कागवाड. वर विधानसभेची मुदत संपेपर्यंत निवडणूक लढवायची नाही असंही सांगितलं. सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबरमध्ये अपात्रता कायम ठेवली, पण लढायची बंदी उठवली. ५ डिसेंबरला पोटनिवडणूक लागली. उसाचा हंगाम ऐन भरात, टोळ्या फडात, आणि गावात प्रचाराचे कर्णे. तिघंही दुसऱ्या चिन्हावर परत निवडून आले.

पक्षांतराचा निवाडा अध्यक्षाकडं असतो हे मला त्या वेळी कळलं. तोवर मला वाटायचं अध्यक्ष म्हणजे 'शांत रहा, बसून घ्या' म्हणणारा माणूस.

---

वकील_टिळकवाडी

आणि म्हणूनच १९८५ ला घटनेत पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट आल्यापासून या निवडीला एवढी धार चढली. त्याच परिशिष्टात अध्यक्षाला एक सवलतही आहे. निवडून आल्यावर त्यानं आपला पक्ष सोडला तर त्याला पक्षांतराचा नियम लागत नाही. नीलम संजीव रेड्डी १९६७ ला लोकसभेचे अध्यक्ष झाल्यावर काँग्रेसमधून बाहेर पडले होते, तेव्हा हा कायदाही नव्हता. आज ती सवलत वापरणारा शोधावा लागतो. मला या सगळ्यात सर्वांत जास्त टोचतं ते हेच.

हटवायचं असेल तर चौदा दिवसांची नोटीस, आणि त्या वेळच्या एकूण सदस्यांच्या बहुमतानं ठराव. हजर असलेल्यांच्या नव्हे, एकूण. तो ठराव चर्चेला असताना अध्यक्ष खुर्चीत बसू शकत नाही, पण खाली बसून बोलू शकतो, मतही देऊ शकतो. एरवी मात्र त्याला मत फक्त समसमान झाल्यावर.

---

हलग्याची_वाट

माझं थोडंसं. अशी एक निवड आपल्या हलग्यातच झालेली आहे. २१ डिसेंबर २०२२, विधान परिषदेचे सभापती बसवराज होरट्टी. तोवर रघुनाथराव मलकापुरे हंगामी होते. मला त्या अधिवेशनात एक दिवस गॅलरीचा पास मिळाला होता. मोबाईल खाली जमा, खिशातलं पेनसुद्धा तपासलं. वरून पाहिलं तर ती खुर्ची टीव्हीत दिसते त्याहून खूप उंच, पाठ माणसाच्या डोक्याच्या वर जाणारी. नव्या माणसाला दोन्ही बाजूंचे नेते हाताला धरून तिथपर्यंत नेतात ना, ती पद्धत मला फार आवडते. एकट्यानं चढायचीच नाही ती पायरी.

माझ्या आजोळची जमीन त्या भागातच. ज्या मातीत आजोबांनी जोंधळा पेरला तिथं कायदे होतात, तर तिथं आत काय चालतं हे आपल्या पोरांना माहीत असलंच पाहिजे. गुरुजी, सोमवारी काय झालं ते नक्की लिहा.

---

गुरुजी_खानापूर (धागाकर्ता)

सोमवार झाला. जेवून लगेच लिहायला बसलोय.

आधी त्या मुलीची सगळ्या वर्गासमोर माफी मागितली, तिचा प्रश्न बरोबर होता आणि माझं उत्तर चुकीचं. मुख्याध्यापकांना राज्यपाल केलं. हंगामी कोण, तर शाळेत सगळ्यात जुना सदस्य. हजेरीपट पाहिले. बालवाडीपासून आमच्याच आवारात असलेली एकच मुलगी निघाली. ती कधी वर्गात तोंड उघडत नाही. मुख्याध्यापकांनी तिला शपथ दिली, ती खुर्चीत बसली, आणि मी मागच्या भिंतीला जाऊन उभा राहिलो.

दोन नावं आली. गुप्त की खुलं यावर वर्गात पंधरा मिनिटं भांडण, इथल्यासारखंच. पंचायत ताई, तुमची हकिकत मी गाव न सांगता वाचून दाखवली. वर्ग चिडीचूप झाला. तरी मुलांनी खुलं मत निवडलं. १९ विरुद्ध १७. मुख्यमंत्र्याच्या बाकावरच्या दोघांनी विरोधी बाजूच्या मुलाला मत दिलं आणि उभं राहून दिलं. मुख्यमंत्री आणि विरोधी पक्षनेती, दोघांनी त्याला हाताला धरून खुर्चीपर्यंत नेलं.

मग प्रश्नोत्तरं. शेवटच्या बाकावर एक मुलगा आहे, जूनमध्ये बैलहोंगलकडून आलेला. वडील वीटभट्टीवर कामाला. घरी कन्नड, मराठी अजून अडखळत. आमच्या सभागृहाची भाषा मराठी ठरली होती. तो उठला, दोन शब्द बोलला, थांबला, कानशिलं लाल झाली. कुणीतरी हसलं.

अध्यक्षानं टेबलावर डस्टर आपटला. फळ्यावर मी सकाळीच कलम २१० लिहून ठेवलं होतं. त्यानं मान वळवून ते एकदा वाचलं आणि म्हणाला, "सन्माननीय सदस्यांना मातृभाषेत बोलायची परवानगी आहे."

तो मुलगा कन्नडमध्ये चार मिनिटं बोलला. भट्टीपासून शाळेपर्यंत सकाळची बस बंद झालीय, तो रोज सहा किलोमीटर चालत येतो, हे त्यानं सांगितलं. जूनपासून तो माझ्या वर्गात आहे. मला हे आज कळलं.

मुख्यमंत्र्यानं लेखी उत्तर द्यायचं कबूल केलंय. उद्या आम्ही सगळे मिळून डेपोला खरा अर्ज लिहिणार आहोत, मराठी आणि कन्नड दोन्हीत.